सिक्युरिटी गार्डचे ट्रेनिंग आणि अटकेचा कायदा : माझा अनुभव

खासगी सुरक्षा रक्षकाच्या ट्रेनिंगमध्ये वर्गातले 100 तास आणि प्रत्यक्ष कामाचे 60 तास असतात. कवायत, आग विझवणे, गेटपास तपासणे सरावाने जमते. मला सगळ्यात जास्त डोके लावावे लागले ते अटकेच्या कायद्याला.

अंगावर गणवेश असला तरी अटकेच्या बाबतीत गार्ड हा सामान्य नागरिकच. सामान्य नागरिक कोणाला अटक करू शकतो, यासाठी 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40 लागू आहे; आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 43 होते. फरारी म्हणून उद्घोषित झालेल्या आरोपीचा अपवाद वगळता, आपल्यासमोर गुन्हा घडलेला असावा लागतो, आणि तो दखलपात्रही (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) हवा, अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा. रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणे दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. तिथे गाडीचा नंबर टिपायचा, माणूस धरायचा नाही. कोणी नंतर फक्त सीसीटीव्ही फुटेजमध्ये दिसला, तर गुन्हा आपल्यासमोर घडलेला नसतो; फुटेज पोलिसांना द्यायचे.

खरी पंचाईत दुकानातल्या चोरीची. चोरी एरवी दखलपात्र आणि अजामीनपात्र. पण माल 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा, गुन्हा पहिलाच आणि माल परत मिळालेला असेल, तर ती अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरते. पहिलाच गुन्हा आहे की नाही, हे गार्डला दारात कसे कळणार? म्हणून किरकोळ मालासाठी कोणाला धरून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. माल परत मागावा, मॅनेजरला बोलवावे, गरज पडली तर 112 लावावा.

अटक केलीच तर विनाविलंब, जास्तीत जास्त 6 तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. ही कमाल मर्यादा आहे. तेवढा वेळ केबिनमध्ये बसवून चौकशी करण्याची मुभा नव्हे. तसे केले, चापट मारली किंवा दमदाटी करून माफीनामा लिहून घेतला, तर बेकायदा डांबल्याचा, मारहाणीचा गुन्हा गार्डवरच दाखल होऊ शकतो. पळून जाऊ नये इतकाच अटकाव करायचा. धरलेल्या माणसाची झडती पोलीस घेतील, आपण खिशात हात घालायचा नाही. बाई असेल तर महिला गार्डला पुढे करायचे.

रजिस्टरमध्ये काय पाहिले, किती वाजता, माल कोणता, साक्षीदार कोण, 112 ला फोन कधी केला, हे लगेच लिहायचे. ताबा देताना पोलिसाचे नाव, बक्कल नंबर आणि वेळ टिपून सही मागायची.