ट्रेलर डोलला तो पाण्याच्या टाकीमुळे

दुसऱ्या साइटवर सामान न्यायचं होतं: कॉम्प्रेसर, जनरेटर, हत्यारांच्या पेट्या आणि पाण्याची २०० लिटरची टाकी. ट्रेलर एका अ‍ॅक्सलचा, सामानासकट साधारण १,४०० किलो. अंतर २१० किलोमीटर.

पहिल्या ६० किलोमीटरमध्ये काहीच जाणवलं नाही. मग लांब उतार लागला, काटा ८५ वर होता, शेजारून एक बस सुसाट पुढे गेली आणि ट्रेलर डोलायला लागला. दुसरा हेलकावा पहिल्यापेक्षा मोठा होता आणि तिसऱ्याला गाडीचा मागचा भागही ओढला जाऊ लागला. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. तो आवरलाच पाहिजे, कारण ब्रेकने गाडी मंदावली की मागचं सगळं वजन तिला आडवं ढकलतं. मी अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक तेवढे हाताने हळूच लावले. ती सोय नसेल तर पहिल्या दोन गोष्टीच करा. हेलकाव्याच्या उलट स्टिअरिंग फिरवू नका, आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ होतो हा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका.

थांबून पाहिलं तर चूक माझीच. नळाजवळ भरायला सोपं म्हणून टाकी अगदी मागे ठेवली होती, काठोकाठ भरलेली. बैलगाडी मागच्या ओझ्याने उलाळ होते, तसंच झालं होतं. टाकी अ‍ॅक्सलच्या सव्वा मीटर मागे, कपलर (ट्रेलरच्या दांड्याचं गाडीला जोडणारं टोक) २.८ मीटर पुढे. म्हणजे ते २०० किलो पाणी कपलरवरचा जवळजवळ ९० किलो भार उचलून धरत होतं. टाकी तिथेच रिकामी केली. अर्धी ठेवली नाही, कारण हिंदकळणारं पाणी वेगळा त्रास देतं. उरलेला रस्ता ७० च्या वर गेलो नाही आणि ट्रेलर एकदाही हलला नाही.

पोचल्यावर सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, पुढचा जॅक वजनकाट्यावर टेकवला आणि कपलर गाडीमागच्या हिचच्या (जोडणीच्या) बॉलवर असतो त्याच उंचीला ठेवून भार मोजला: १४५ किलो. टाकी भरलेली असताना तो जेमतेम ५५ असणार. अशा ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार कपलरवर हवा. गाडीवर किंवा हिचवर लिहिलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर मर्यादाच पाळायची आणि सामान कमी करायचं. भरताना जड यंत्र अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे ठेवा आणि चारही कोपऱ्यांतून आवळा. वाटेत सरकलं तर हे सगळं मोजमाप वाया.

वाटेतल्या थांब्यावर हाताचा पंजा हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याजवळ नेऊन पाहत होतो. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापलेली लागली तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक तपासायचा. चाक नुकतंच बदललं असेल तर ८० ते १६० किलोमीटरनंतर नट टॉर्क पानाने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळा. माझा एक नट पाव फेरा फिरला. साखळ्या कपलरखालून फुलीसारख्या लावा, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा त्यांच्या झोळीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही.

साइटवर सगळ्यात जास्त घाई होते ती सोडवताना. आधी चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, मग पुढचा जॅक, आणि त्यानंतरच कपलर सोडायचा. मऊ जमिनीवर जॅकखाली आणि ट्रेलरच्या आधाराच्या पायांखाली जाड फळी हवीच. मागचे आधाराचे पाय कॉम्प्रेसर उतरवण्याआधी टेकवा: जड यंत्र मागच्या उतरंडीवर आलं की ट्रेलरचं शेपूट खाली बसतं आणि पुढचा दांडा झटक्यात वर उडतो, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हनुवटीच्या उंचीला. हे पाय ट्रेलर डुगडुगू नये म्हणून आहेत, चाकं उचलायला वापरले तर वाकतात. परत निघताना ते वर घेऊन पिन बसली का, ते खाली वाकून डोळ्यांनी पाहा.