मॅचिंगचं दुकान बंद झालं

नागपूरच्या गांधीबागेतलं माझं मॅचिंगचं दुकान पोळ्यानंतर बंद झालं. माझं म्हणजे मालकीचं नाही. मी ब्लाऊज शिवते, आणि रुबिया (ब्लाऊजचं सुती कापड), अस्तर, फॉल असं सगळं सामान लग्न होऊन मनीषनगरात राहायला आल्यापासून तिथूनच आणत होते. आता शटरवर 'भाड्याने देणे आहे' असा कागद चिकटवलाय. शेजारचा सांगत होता, मोबाईल कव्हरवाला पाहून गेला म्हणे.

मला फार लागलंय हे. म्हणून लिहिते आहे.

बाजार संपत चालला असं म्हटलं की लोक लगेच म्हणतात, "बर्डीवर संध्याकाळी जाऊन पाहा, पाय ठेवायला जागा नसते." खरं आहे, बर्डी म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, व्हरायटी चौकापासून मेन रोडवर रविवारी चालणं कठीण होतं. पण त्या गर्दीच्या हातातल्या पिशव्या पाहा. भेळ, चप्पल, कानातले, मोबाईलचं काहीतरी. आता मागच्या गल्लीत शिरा, जिना चढून पहिल्या माळ्यावर जा. पिकोवाला, रंगारी, काज-बटणवाला, घड्याळ दुरुस्तीवाला, एकेकाचं कुलूप दिसेल. बाजाराचं तोंड अजून गजबजलेलं आहे, पण त्याचे हात गेले. मला दुःख त्या हातांचं आहे.

त्या दुकानाचे मालक, त्यांना मी काका म्हणते, त्यांचे हात सांगते. पिशवीतून साडी काढून गादीवर ठेवली की ते अंग बघायचेच नाहीत, आधी काठ बघायचे. मग मान वर न करता मागे हात घालून तीन ठाण ओढायचे. आमसुली, वांगी आणि त्या दोघांच्या मधला एक, ज्याला नाव नव्हतं, शेड कार्डावरचा फक्त नंबर होता. ट्यूबलाईटखाली कधी निवाडा करायचे नाहीत. साडी आणि ठाण दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर यायचे, उजेडात. कापड साडीच्या शेजारी ठेवायचे नाहीत, पदराखाली सरकवायचे, कारण ब्लाऊज दिसतं ते पदराखालूनच. आणि विचारायचे, "ताई, दिवसाचं लग्न आहे का रिसेप्शन?" रात्रीच्या लाईटमध्ये घालायचं असेल तर एक शेड गडद देणार. माझ्या गिऱ्हाइकांनी माझं कौतुक केलं त्यातलं निम्मं काकांचं आहे.

कापताना कात्री फक्त काठाला टोचायची. पुढे दोन्ही हातांनी चर्र करून फाडायचं. टू बाय टू रुबिया दोऱ्यात सरळ फाटतो. कात्रीने कापलेला तुकडा तिरका येतो, मग बाही शिवताना पीळ पडतो आणि धुतल्यावर तो जास्तच दिसतो. आमच्यासारख्या शिवणाऱ्या बाईला या एका गोष्टीची किंमत कळते.

असं दुकान चालवायचं म्हणजे काय, याचा विचार कोणी करत नाही. एका गिऱ्हाइकाला ८० सेंटीमीटर किंवा मीटरभर कापड लागतं, पण तेवढ्यासाठी शेकडो शेड भरून ठेवाव्या लागतात. त्यातल्या कितीतरी ठाणांना वर्षभर कोणी हात लावत नाही. तरी ते ठेवावेच लागतात, नाहीतर 'मॅचिंग' कशाचं? चौरस फुटाचा हिशोब लावणाऱ्या मॉलमध्ये हे दुकान उभंच राहू शकत नाही. ते इतवारी-गांधीबागेतच उभं राहिलं, कारण तिथे जागा जुन्या पगडीची होती, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यात कायमची घेतलेली. भाडे नियंत्रण कायद्याने, १९९९ च्या, भाडं वर्षाला ४ टक्क्यांच्या हिशोबाने वाढतं. त्यामुळे दुकानदाराला मंदीतही दम धरता येत होता. याची दुसरी बाजूही आहे. इतक्या कमी भाड्यात घरमालक छताला हात लावत नाही, गळती लागते, ठाण भिजतात. काकांचा मुलगा पुण्यात नोकरीला. तो परत येणार नाही हे ठरल्यावर त्यांनी पगडीतला आपला वाटा घेतला आणि मोकळे झाले. त्यांना मी बोल लावत नाही. पण जागा एकदा मोकळी झाली की नवं भाडं आजच्या दराचं. त्या भाड्यात रुबिया परवडत नाही. म्हणजे एक मॅचिंगवाला गेला की त्या जागी दुसरा मॅचिंगवाला यायची वाटच बंद होते.

शेवटच्या दिवसांत मी विचारलं, नेमकं कशानं बसलं हो काका? ते म्हणाले, "पोरी मोबाईलवर साडी पाहून राहिल्या ताई. ब्लाऊज त्यातच येते. मॅचिंग कोण पाहते आता?" खरंच, साडीला जोडूनच ब्लाऊजपीस येऊ लागला तेव्हापासून हे सुरू झालं, आणि स्ट्रेच होणारे तयार ब्लाऊज आले तसं वाढत गेलं. मध्ये नोटबंदी झाली. गल्लीतला सगळा व्यवहार रोखीचा आणि वहीचा होता, तो महिनोन्महिने अडला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, कापडावर ५ टक्के. टक्क्यांपेक्षा त्या बिलांनी आणि रिटर्नच्या तारखांनी म्हाताऱ्या दुकानदारांना जेरीस आणलं. मग २०२०. लॉकडाऊन सैल झाल्यावर जूनमध्ये नियम निघाला, रस्त्याच्या एका बाजूची दुकानं आज, दुसऱ्या बाजूची उद्या. साडीवाला या बाजूला, फॉलवाला त्या बाजूला. साडी मिळायची त्या दिवशी फॉल नाही, फॉल मिळायचा त्या दिवशी अस्तर नाही. लग्नसराईतल्या बायकांनी तेव्हाच फोनवर ऑर्डर करायला शिकून घेतलं आणि परत आल्या नाहीत.

मी वाढले महालात. माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. सूत इथे, कापड इथे, विकणारा गांधीबागेत आणि शिवणारा महालच्या गल्लीत, असं सगळं हाकेच्या अंतरावर होतं. आज मिलच्या जागेवर मॉल आहे. मला मॉलबद्दल राग नाही, माझी मुलगी तिथे जाते, मीही जाते. पण आमच्या घरात तीन पिढ्या कापडावर जगल्या, त्यामुळे तिथून जाताना आत काहीतरी हलतं एवढं खरं.

महालात केळीबाग रोड रुंद करायचं निघालं तेव्हा दुकानांचे दर्शनी भाग पाडले गेले. रस्त्याची गरज मला मान्य आहे. पण पंधरा फूट खोल दुकानाचे सात फूट उरले की तिथे गादी घालून गिऱ्हाइकाला बसवता येत नाही. साडी बसून घ्यायची असते. उभ्याने घेतात ती कुर्ती.

फेरीवाल्यांवर खापर फोडणं मला पटत नाही. बर्डीवर दुकानदार आणि फेरीवाले यांचं भांडण जुनं, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आला तरी मिटलेलं नाही. चालायला जागा हवी, ती दोघांनी मिळून सोडायला हवी. पण हूक, सेफ्टी पिन, नाडी घ्यायला माणूस फेरीवाल्याकडे येतो आणि तोच मग दुकानात शिरतो, हे आईचं बोट धरून फिरताना मी पाहिलेलं आहे.

जी गोष्ट कोणत्याच बैठकीत कोणी काढत नाही ती सांगते. लग्नाची खरेदी म्हणजे बायकांचे चार-पाच तास. सोबत सासू, गुडघे दुखणारी आत्या, एखादी पोटुशी बहीण. गांधीबागेत त्यांना बसायला बाक नाही, आणि बाथरूमला जायचं तर दुकानदाराच्या ओळखीवर, त्याच्या घरच्या मागच्या दाराने. मॉलमध्ये बायका एसीसाठी जातात असं पुरुषांना वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीजणी मला सरळ सांगतात, ताई, तिथे बाथरूम स्वच्छ असते. पार्किंगवर एवढं बोलतात, पण ११ डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल ॲव्हेन्यूवरून मेट्रो धावते आहे. मी जयप्रकाश नगरला बसते, बर्डीला गाडी बदलते, अग्रसेन चौकात उतरून चालत जाते. गाडी लावायचा प्रश्नच येत नाही. स्टेशनपासून बाजारापर्यंतचा फुटपाथ नीट चालण्याजोगा करा आणि बायकांसाठी दोन स्वच्छ स्वच्छतागृहं बांधा, रोज झाडणारी बाई नेमा. मनपाला हे जमण्यासारखं आहे. व्यापारी संघटनांनी मागितलं पाहिजे, आणि त्यांच्या बैठकांत बायका बसल्या पाहिजेत.

आपणही काही करू शकतो. साडी फोनवर घेतली तरी फॉल-पिको, अस्तर, लेस बाजारातून घ्या. वर्षाला दोन ब्लाऊज तरी रुबियाचे शिवा. नागपूरच्या उन्हात तो अंगाला जसा सोसतो तसं पॉलिस्टर सोसत नाही, हे मेमध्ये मांडवात उभं राहून बघा.

काकांच्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून अजून एक मॅचिंगवाले आहेत. त्यांची सून गल्ल्यावर बसते आणि शेड ओळखायला शिकते आहे. मी आता तिथे जाते. तिचा हात अजून बसलेला नाही, पण ती साडी घेऊन पायरीवर येते, हे मी पहिल्याच खेपेला पाहिलं. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी वाढेल, त्याआधी जा. सकाळी अकरा ते एक जा, उजेड चांगला असतो. साडी सुती आणि कोरी असेल तर आधी एक कोपरा भिजवून वाळवून न्या. खळ गेली की रंग अर्धी शेड उतरतो, आणि मॅचिंग त्या उतरलेल्या रंगाला करायचं असतं.