माझा अनुभव : इंग्रजीतलं ‘गेट’ कसं पक्कं केलं

मराठी मीडियमवाल्यांसाठी लिहितेय, खास करून जे ऐरोली-घणसोलीकडे यूएस प्रोसेसचे, म्हणजे अमेरिकन कस्टमरशी फोनवर बोलायच्या कॉल सेंटरच्या कामाचे, इंटरव्ह्यू देतायत त्यांच्यासाठी. इंग्रजी वाचता येतं, लिहिता येतं, पण समोरचा फोनवर बोलायला लागला की सारखं गेट नाहीतर गॉट येतं आणि शाळेत शिकलेला ‘मिळणे’ हा एकच अर्थ तिथे पुरत नाही.

डिक्शनरीतली लांबलचक यादी पाठ करायला जाऊ नका. मी फक्त गेटच्या पुढे काय येतंय ते बघायला लागले. वस्तू आली की मिळणं किंवा आणणं, जागा आली की पोचणं, आणि विशेषण आलं की होणं, म्हणजे गेट टायर्ड, गेट वेट. आपल्याकडे दमणं, भिजणं अशी वेगवेगळी क्रियापदं आहेत म्हणून सुरुवातीला जड जातं. पण आपलं ‘लागणे’ बघा ना, भूक लागते, वेळ लागतो, ठेच लागते, बस लागते, नंबर लागतो, जावं लागतं, आपण कधी अर्थ मोजत बसतो का? हे डोक्यात बसलं आणि माझी भीतीच गेली.

सगळ्यात कामाचं म्हणजे ‘करून घेणं’. आय गॉट माय फोन रिपेअर्ड म्हणजे फोन दुरुस्त करून घेतला. माणसाकडून करून घेतलं तर मध्ये टू येतो, आय गॉट हिम टू साइन, यात थोडी मनधरणी आहे, पण तिथेच मेक वापरलं, आय मेड हिम साइन, की टू जातो आणि सूर जबरदस्तीचा होतो. कस्टमरशी बोलताना हे फार जपावं लागतं.

उतरण्याचं वेगळंच. लोकलमध्ये आपण सर्रास विचारतो, व्हेअर विल यू गेट डाउन, पण अमेरिकन माणूस ट्रेन-बसला गेट ऑफ म्हणतो आणि कार-टॅक्सीला गेट आउट. गेट आउट म्हणजे हाकलणंच असं आपल्या मनात असतं, पण शी गॉट आउट ऑफ द कॅब म्हणजे ती साधी उतरली. ठाण्याला ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल पकडली की दिघा गाव जाईपर्यंत मी हीच वाक्यं पुटपुटत असायचे.

आणि गॉटन! ब्रिटिश लोक आता गॉटच म्हणतात, अमेरिकेत दोन्ही चालतात पण अर्थ वेगळा. आयव्ह गॉट द कार्ड म्हणजे कार्ड माझ्याकडे आहे, आय हॅवन्ट गॉटन द कार्ड म्हणजे अजून मिळालंच नाही, आणि मग आपला पुढचा प्रश्नच बदलतो.

सध्या गेट अराउंड टू वर मेहनत चालू आहे. आय नेव्हर गॉट अराउंड टू पेइंग इट, म्हणजे भरायचं राहूनच गेलं, आणि इथे टू नंतर पे नाही, पेइंग येतं, तेवढं लक्षात ठेवा.