१२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा न येणारा वर्ग

नऊ वेळा १ लिहून, म्हणजे १११११११११ चा, वर्ग केला की ही सतरा अंकी संख्या मिळते. गुणाकार शाळेतल्यासारखा मांडा: नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. एकक स्थानी एकच १, दशक स्थानी दोन, असं चढत मधल्या रकान्यात नऊ, मग उतरण. हातचा कुठेच येत नाही, म्हणून रकान्यातली मोजणी तशीच उत्तरात उतरते. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेमलो म्हटलं. हे नाव जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनाचं, म्हणजे आजच्या डोंबिवलीचं.

दहा वेळा १ घेतला की नक्षी मोडते. मधे १० होतात, हातचा डावीकडच्या ९ चे १० करतो, पुढच्या ८ चे ९. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१.

नक्षीपेक्षा अवयव जास्त रंजक आहेत. १११११११११ = १११ × १००१००१. पहिला ३ × ३७, दुसरा ३ × ३३३६६७. म्हणून आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि घातांकांत एकेक मिळवून गुणलं की विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

३३३६६७ मूळ आहे हे तपासायला ५७७ पर्यंतच्या सगळ्या १०६ मूळ संख्यांनी भागत बसू नका. तिचा कोणताही मूळ अवयव प घ्या. प ने ९९९९९९९९९ ला भाग जातो, म्हणून १० चा नववा घात प ने भागल्यावर बाकी १ उरते, त्याआधीच्या कुठल्याही घाताला नाही. म्हणून फर्माच्या प्रमेयानुसार प − १ ला ९ ने भाग जातो, आणि प विषम असल्याने १८ नेही. १८ ने भागून १ उरणाऱ्या १९, ३७, ७३, १०९ अशा सतराच मूळ संख्या ५७७ पर्यंत आहेत. एकीनेही भाग जात नाही. १/३३३६६७ = ०.०००००२९९७… चं आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट, नऊ अंकी असतं. नेमकं नऊ अंकी आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने भागही जातो, पण हा नियम समजू नका. ९९९९९९९९८१ ची बेरीजही ८१, तरी बाकी ७२ उरते.

संगणकावर मात्र सांभाळून. एक्सेल पंधरा अंकच ठेवतं, शेवटचे २१ जाऊन ०० येतात. आकडा मजकूर म्हणून भरा. जावास्क्रिप्टमध्ये २⁵³ च्या पुढे विषम संख्या मावत नाहीत, शेवटी २० दिसतं. तिथे मोठ्या पूर्णांकांसाठीचा बिगइंट (BigInt) हा प्रकार वापरा. पायथनचे पूर्णांक अचूक असतात, पण पूर्ण वर्ग तपासताना साधं वर्गमूळ घेतलंत तर आपल्याच संख्येच्या शेवटी २१ ऐवजी २२ असलेली संख्यासुद्धा पूर्ण वर्ग ठरते, कारण दशांश भाग गोलाईत जातो. मॅथ मॉड्यूलमधलं आयएसक्यूआरटी (isqrt), म्हणजे पूर्णांकी वर्गमूळ, घ्या, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करून दिलेल्या आकड्याशी ताडा.