अक्काची नागीण आणि माझा दंड

परवा नागिणीच्या लशीचा माझा दुसरा डोस झाला. घ्यायची की नाही हे ठरवायला मला सव्वा वर्ष लागलं. माझ्या वयाच्या कितीतरी जणी याच घोळात असतील, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात अक्कापासून. दोन वर्षांपूर्वी आषाढात तिच्या डाव्या कुशीत आग व्हायला लागली. वरून काहीच दिसत नव्हतं. तिला आधी पित्त वाटलं, मग सिलिंडर सरकवताना लचक भरली असेल असं वाटलं. तिसऱ्या दिवशी छातीखालून पाठीकडे फोडांची ओळ उठली. शेजारच्या बाई म्हणाल्या, नागीण आहे, दवाखान्यात नेऊ नका, उतरवून घ्या. गावातल्या एकांनी मंत्र घातला, गेरूचा लेप दिला. भेटायला येणारी प्रत्येक बाई वाकून बघायची आणि विचारायची, "तोंड-शेपूट जुळलं नाही ना?" जुळलं की माणूस जातं, असं आमच्याकडे समजतात. अक्का मध्यरात्री उठून आरशासमोर पाठ वळवून बघायची, ओळ किती सरकली ते.

मी पोचले तेव्हा फोड उठून सहा दिवस झाले होते. मी तिला तशीच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. त्या म्हणाल्या, विषाणूवरच्या गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. ते तास लेपात गेले होते. तोंड-शेपटीचंही त्यांनी समजावलं. मणक्यापासून निघालेला मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूने पुढे येतो, फोड त्याच्या वाटेवर उठतात, म्हणून ते सहसा मध्यावर येऊन थांबतात. हे ऐकल्यावर अक्का रडली. सहा दिवस ती मरणाची वाट बघत होती, आणि तिला हे सांगणारं कोणी नव्हतं.

तीन आठवड्यांत खपल्या पडल्या. दुखणं मात्र राहिलं. फोड गेल्यावरही दुखावलेला मज्जातंतू ठणकत राहतो, आणि वय जितकं जास्त तितका हा धोका वाढतो. अक्का साडी नेसायची बंद झाली. पदराचा काठ बरगडीला लागला तरी तिला चटका बसतो. भाऊजींचा धुऊन धुऊन मऊ झालेला सदरा घालते. बोलताना, टीव्ही बघताना, भाजी निवडायला बसताना तिचा डावा हात सदऱ्याची चिमूट धरून कापड अंगापासून दोन बोटं लांब ठेवतो. तिला आता ते कळतही नाही.

त्याच खेपेला डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला कांजिण्या झाल्या होत्या?"

झाल्या होत्या. मी आठ वर्षांची आणि अक्का बाराची. आधी तिला, मग मला. आईने माजघरात एकाच गोधडीवर कडुनिंबाचा पाला पसरून दोघींना निजवलं होतं. घरात फोडणी बंद. खाजवू नये म्हणून अक्का माझे हात धरून झोपायची. डॉक्टर म्हणाल्या, कांजिण्यांचा तो विषाणू अंगातून जात नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी निजून राहतो, आणि वय होऊन प्रतिकारशक्ती उतरली की उठतो. म्हणजे नागीण मला अक्काकडून लागणार नव्हती. ती माझ्यात त्या गोधडीपासून आहेच.

तरी लगेच होकार दिला नाही. कारण पैसा. दोन डोसचे मिळून वीस हजारांच्या आसपास लागणार होते. सरकारी लसीकरणात ही लस नाही, आमच्या विम्यात बसत नाही. पेन्शनच्या घरात वीस हजार म्हणजे गच्चीची गळती काढण्याचे पैसे. आमचे हे म्हणाले, "न झालेल्या दुखण्यावर एवढा खर्च?" त्यांचं चूक नव्हतं. मग मी अक्काच्या ठणक्यावरच्या गोळ्यांची बिलं मागवली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. ती बिलं अजून चालूच आहेत. त्या वर्षी गच्ची राहिली.

लशीविषयी खात्री करून घेतली ती अशी. शिंग्रिक्स ही लस भारतात २०२३ साली आली. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, त्याच्या एका प्रथिनाचा भाग असतो. पन्नाशीपुढच्यांसाठी आहे, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. मोठ्या चाचण्यांत सत्तरीपुढच्यांमध्येही नागीण टाळण्यात ती ९० टक्क्यांच्या आसपास परिणामकारक ठरली. माझ्या वयाला ही गोष्ट मोठी आहे. वेल्समधल्या अभ्यासाचंही वाचलं. तिथे आधीच्या, जिवंत विषाणूच्या लशीनंतर सात वर्षांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्शाने कमी दिसलं. आईचं शेवटी नावं विसरणं मी पाहिलं आहे, त्यामुळे ते वाचून आशा वाटली. पण त्यासाठी मी लस घेतली नाही, आणि तुम्हीही फक्त तेवढ्यासाठी घेऊ नका. नागीण हेच पुरेसं कारण आहे.

त्रास होतो, हे स्पष्ट सांगते. पहिल्या डोसच्या संध्याकाळी दंड जड झाला, रात्री हुडहुडी भरली, दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखं. ह्यांनी पिठलं-भात केला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा फिरायला गेले. घरात कार्य असेल त्या आठवड्यात डोस घेऊ नका. आणि मधुमेह असेल, इतर औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना आधी सगळं सांगा.

परवा अक्का माझ्यासोबत आली होती. मी डॉक्टरांना विचारलं, हिला आता काही उपयोग आहे का? आहे, म्हणाल्या. नागीण पुन्हा होऊ शकते, एकदा होऊन गेलेल्यांनाही लस देतात. आत्ताचा ठणका मात्र तिने जाणार नाही. अक्काने पैशाचं विचारलं. मी म्हटलं, ते माझ्याकडे लागले.

नर्सने डावा दंड मागितला. अक्काचा डावा हात सदऱ्याच्या चिमटीत होता. ती म्हणाली, "उजव्यात द्या." तिने उजवी बाही वर केली, आणि मी तिच्या डाव्या बाजूला बसून ती चिमूट माझ्या हातात धरली.