सात नंबर

डोंगरातल्या शर्यतींमध्ये सगळ्यात शेवटी पोहोचायचे मला पैसे मिळतात. घरी हे सांगितलं की आई अजूनही हसते. आदल्या दिवशी रानात वाट आखायची, दुसऱ्या दिवशी शेवटच्या धावकाच्या मागोमाग चालत फिती सोडवत यायचं, कुणी मागे राहिलं नाही ना ते बघायचं. आमच्या भाषेत याला स्वीपर म्हणतात. म्हणजे झाडूवाला.

त्या वेळचं काम कांदाटी खोऱ्यात होतं. कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि दोन डोंगररांगांच्या मधून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. सोळशी आणि कांदाटी या नद्या तिला मिळतात. पण आज तिथे नदी अशी दिसत नाही, दिसतं ते शिवसागर जलाशयाचं पाणी. १९६४ साली पुरं झालेल्या कोयना धरणाने खोऱ्याचा तळच पाण्याखाली घातला. खोऱ्यात बाहेरची मंडळी कोकणातल्या खोपीहून रघुवीर घाटाने वर येतात, नाहीतर तापोळ्याहून लाँचने. चकदेव, पर्वत, महिमंडणगड ही नावं ट्रेकवाल्यांना माहीत आहेत. इतरांना फारशी नाहीत, आणि शर्यतीसाठी ती जागा निवडली गेली त्याचं हेही एक कारण होतं.

डिसेंबरचा पहिला आठवडा, तीस किलोमीटर, चौसष्ट धावक. सगळा मार्ग गावागावांतल्या जुन्या पायवाटांचा. वाट दाखवायला गावातले एक आबा सोबत दिले होते, वय सत्तरीच्या पुढे. तरुण पोरं का नाहीत, असं मी विचारलं तर म्हणाले, "पोरं म्हमईला. हितं वाटा आणि म्हातारी मानसं." तेवढी एक ओळ बोलून ते पुढे निघाले आणि मला जवळजवळ पळावं लागलं.

फितीच्या रंगावरून आमच्या धंद्यात फार वाद होतात. भगवी बांधली तर लोकांना ती देवाची वाटते. लाल फीत पहाटेच्या उजेडात काळी दिसते, पिवळी वाळल्या गवतात हरवते. मी गुलाबी वापरतो, कापडाची. रानात दर चाळीस-पन्नास पावलांवर एक, आणि फाटा आला की तीन लागोपाठ. शिवाय जमिनीवर फक्कीने बाण, आणि जी वाट घ्यायची नाही तिच्यावर आडवी जाड रेघ. ही रेघ फितींपेक्षा महत्त्वाची. दमलेल्या माणसाला कुठे जायचं ते सांगून भागत नाही, कुठे जायचं नाही तेही सांगावं लागतं.

अकराव्या किलोमीटरला, अंजनी-जांभळाच्या दाट झाडीत, एक फाटा होता. आमची वाट तिथे डावीकडे वळून कडेकडेने जात होती, अरुंद, कारवीतून. समोर मात्र एक रुंद वाट सरळ खाली उतरत होती. माझी फक्कीची पिशवी तोवर संपत आली होती आणि पुढे अजून दोन फाटे होते. फिती बांधल्या, बाण काढला. रेघ मारली नाही. दुपारचे तीन वाजले होते, ऊन पाठीवर होतं आणि गुलाबी फिती अशा झळकत होत्या की आंधळ्यालाही दिसाव्यात.

शर्यतीच्या दिवशी मी आणि आबा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागे होतो. शेवटचा धावक एक पोट सुटलेला बँकवाला, अतिशय गप्पिष्ट. कट-ऑफच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेच्या, काठावर का होईना, तो तिसऱ्या एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या मदतीच्या थांब्याला, पोहोचला तेव्हा साडेबारा झाले होते. तिथल्या पोराकडून कागद घेतला. सुटलेले चौसष्ट, पहिल्या दोन ठिकाणी थांबलेले दोन, म्हणजे इथून बासष्ट जायला हवेत. खुणा बासष्टच होत्या. मी कागद परत देणार, तेवढ्यात दिसलं की पहिल्या दोन खुणा एका पेनाने एकाच दमात केल्यात.

"हे दोघं एकदम आले?"

"पहिले दोघं आम्ही टेबल लावत होतो तेव्हाच गेले, सर. म्हणजे एक मी पाहिला. दुसरा पण गेला असणार ना, तो दुसऱ्या नंबरवरच होता."

असणार! माझ्या पोटात गोळा आला. वॉकीटॉकीवर शेवटच्या टप्प्याला विचारलं. पहिला, म्हणजे गावचाच एक पोरगा, सव्वानऊलाच पोहोचून चहा पिऊन बसला होता. दुसरा म्हणून जो आला, तो तिथल्यांनी दुसरा धरला. सात नंबरची बिब, म्हणजे छातीवरची नंबरपट्टी, कुणीच पाहिली नव्हती. चार तास. आणि आम्ही सकाळपासून काळजी कुणाची करत होतो, तर शेवटच्या माणसाची.

बँकवाल्याला पुढे धाडून मी आणि आबा उलटे फिरलो. मला प्रत्येक ओढ्यात उतरून बघायचं होतं. आबांनी हात धरून थांबवलं.

"चालणारा चढाला चुकतो, पळणारा उताराला. उतार कुठं कुठं हाय त्येवडं बगू."

उतार तीन होते. तिसरा तो अकराव्या किलोमीटरचा फाटा. फाट्यांवरच्या फिती आम्ही दुसऱ्या दिवशीच काढतो, त्यामुळे त्या जागेवर, बाण जागेवर. मी हुश्श करणार तर आबा म्हणाले, "हितं उभं ऱ्हा. सकाळी ऊन कुठं असतं?"

समोर. खोऱ्याची ही बाजू सगळी पूर्वेला उतरते. सकाळी आठला सूर्य पलीकडच्या डोंगरावरून थेट डोळ्यांत येत असणार. मी ती वाट दुपारी, चालत, ऊन पाठीशी घेऊन आखली होती. ज्याच्यासाठी आखली तो सकाळी, पळत, उन्हाकडे तोंड करून, नजर पायांपुढच्या दोन हातांवर ठेवून येणार होता. पहिला पोरगा गावचा, त्याला फितींची गरजच नव्हती. तिसऱ्यापासूनचे अर्ध्या तासाने, घोळक्याने आले, तोवर ऊन वर चढलेलं. मधे एकटा सात नंबर. समोर रुंद वाट, आणि तिच्यावर रेघ नाही.

खाली पन्नास पावलांवर भुसभुशीत मातीत बुटाचा ठसा मिळाला. आमच्याकडचं कुणी तिथे उतरण्याचं कारणच नव्हतं.

उतरताना मला एक गोष्ट उमगत नव्हती. एवढ्या रानात एवढी चांगली वाट कशी? कडेला दगड लावलेले, वळणावर पायऱ्यांसारखी बांधणी. आबांना विचारलं. ते न थांबता म्हणाले, "आमच्या जुन्या गावठाणाची वाट हाय ती. बैलं जायची हितनं. धरान झालं, निम्मी मानसं सोलापूर-ठान्याकडं दिली, आमी वर सरकलो. वाट ऱ्हायली."

बाकीच्या वाटा गवताने खाल्ल्या, ही मात्र तिच्या दगडांमुळे टिकली होती. धावक तिच्यावर चुकला, कारण खोऱ्यातली सगळ्यात चांगली वाट तीच होती.

पाऊण तासाने झाडी विरळ झाली आणि पाणी दिसलं. डिसेंबरात जलाशय जवळजवळ भरलेला असतो. दगड लावलेली ती वाट सरळ जाऊन पाण्यात शिरत होती, खाली पाच-सात हात स्वच्छ दिसत होती आणि मग हिरवटात नाहीशी होत होती. मी काही क्षण नुसता बघत राहिलो. कामाचा माणूस असून.

आबांनी तोंडाभोवती हात धरून कुकारा घातला. डाव्या अंगाने शिट्टीचं उत्तर आलं, तीनदा. अडीचशे पावलांवर, कारवीच्या दाटीत, सात नंबर बसला होता. उजव्या पायाचा घोटा नारळाएवढा. पाणी लागल्यावर परत चढण्याऐवजी काठाकाठाने पुढे निघून पुन्हा मार्गाला लागू, असं त्याने ठरवलं होतं. हे वेगवान लोक परत फिरायला तयार नसतात, हा माझा जुना अनुभव. काठाच्या चिखलात पाय मुडपला. फोनला रेंज नाही. बरोबरचं पाणी दहाला संपलं, मग समोरचं प्यायला. माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय, तर, "मी अजून कट-ऑफच्या आत आहे का?"

त्याला चमकती चादर गुंडाळली, घोटा बांधला. तो आबांना म्हणाला, "आबा, ती वाट पुढे कुठे जाते हो?"

"घरी," आबा म्हणाले, आणि पाण्याकडे पाठ करून विडी पेटवली.

त्याला उचलून तो चढ चढणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. खोऱ्यात आजारी माणूस, बाळंतीण, सगळ्यांचा रस्ता पाण्यावरूनच असतो. पण लाँच बोलवायची कशी? वॉकीटॉकी त्या खळग्यात मुकी झालेली. आबांनी माझ्या पिशवीतल्या सकाळपासून सोडवलेल्या दीडेकशे फिती काढायला लावल्या, कारवीच्या लांब काठीला त्यांचा झुपका बांधला आणि काठावर उभं राहून ती हलवायला लागले. मधूनमधून कुकारा. वीस मिनिटांनी पलीकडून निघालेल्या एका लाँचने तोंड आमच्याकडे वळवलं. गुलाबी रंग पाण्यावरून लांबून दिसतो, एवढं त्या दिवशी नक्की कळलं.

तापोळ्याला उतरेपर्यंत साडेचार झाले. तिथून गाडीने महाबळेश्वर, एक्स-रे. हाड शाबूत होतं. त्याने माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्याने उलट आभार मानले आणि विचारलं की पुढच्या वर्षी पण हाच मार्ग आहे का. रेघेचं मी त्याला तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "रेघ असती तरी मी बघितली असती असं नाही." हे बहुधा खरं होतं, पण त्याने मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी दुकानातून फक्की घेऊन पुन्हा त्या फाट्यावर गेलो. शर्यत संपलेली, फिती काढायच्या उरलेल्या, रेघेचा काहीच उपयोग नाही. तरी उन्हाकडे तोंड करून उभा राहिलो. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. डाव्या डोळ्यावर हाताची सावली धरली तेव्हा कुठे पहिली फीत दिसली.

संध्याकाळी निकालाचा तक्ता हातात आला. सात नंबरपुढे वेळेच्या रकान्यात तापोळ्याच्या कुणा पोराने पेनाने लिहून ठेवलं होतं: लाँच.