“आधी कोणी मारलं?” हे विचारायचं नाही

आमच्या अंगणवाडीत भांडणं बहुतेक वेळा वाळूतल्या ट्रकवरून होतात. अशा वेळी मी गुन्हेगार शोधत नाही. मांडी घालून दोघांच्या मध्ये बसते, ट्रक माझ्याजवळ घेते आणि रडू ओसरेपर्यंत थांबते. मग दिसतं ते बोलते : “तुझ्या हातातून ओढला म्हणून तुला राग आलाय. आणि तुला वाटतंय, आपला नंबर कधी येणारच नाही.” चार वर्षांचं मूल एवढ्यानेही मान डोलावतं. “आता काय करूया?” असं विचारून मी गप्प बसते. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. गेल्या आठवड्यात एकाने तोडगा काढला : “तो वाळू भरंल, मी ओढीन.” मला हे सुचलं नसतं.

“सॉरी म्हण” असा हुकूम मी सोडत नाही. ज्याला लागलंय त्याला पाणी आणून द्यायला सांगते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डी गावात लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं ते इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसोरींच्या विचारावर. त्यात शिक्षेला जागा नव्हती, बक्षिसालाही नव्हती. मला ते मनापासून पटतं.

पालकसभेत मात्र मी एका गोष्टीवर अडून बसते. मूल पडलं की आज्या प्रेमापोटी जमिनीला चापट मारतात, “हात् रे!” करतात. आज्यांनो, तेवढं नका करू. दुखलं की कुणाला तरी मारायचं, हे मूल तिथेच शिकतं. “लागलं ना? कुठे?” एवढं विचारा आणि जवळ घ्या.